तात्पुरते

तात्पुरते हे त्यांचं आडनाव नव्हे. पण सातपुते असतात, भागवते असतात, तसे तात्पुरतेही असणार असं समजून श्टुटगार्टात नव्याने उतरलेली मुलं त्यांना फोनवर बिनदिक्कत ‘तात्पुरते सर’ म्हणतात आणि तेही ‘बोला’ म्हणतात. खरं आडनाव इथल्या जुन्या मराठी मंडळींना ठाऊक आहे. कागदोपत्री शोधायला गेलात तर तेही सापडेल, फक्त दर वेळी वेगळ्या पत्त्यावर.

कंपनीच्या कामासाठी ते पुण्याहून आले २०१० साली. त्याच वर्षी श्टुटगार्टचं मुख्य रेल्वे स्टेशन जमिनीखाली न्यायचं काम सुरू झालं. तात्पुरते म्हणाले, सध्या कुठेतरी टेकतो; स्टेशन झालं की कुठल्या भागाचे भाव कसे हलतात ते बघू, मग पक्की जागा घेऊ. स्टेशन २०१९ला सुरू व्हायचं होतं. तो वायदा हुकला, त्याच्या पुढचेही हुकले. तात्पुरते टेकलेलेच राहिले, आणि आता दोघांनाही कोणी तारीख विचारत नाही.

या काळात ते फॉयरबाखला कारखान्याच्या भिंतीला लागून राहिले, फाइहिंगेनला विद्यापीठाच्या पोरांत राहिले, हेरेनबेर्गला, म्हणजे एस-वन लोकल जिथे संपते तिथेही राहिले. एकदा तर मोन्ट्योर-त्सिमरमध्ये राहिले. गावोगाव पाइपलाइन टाकत, मचाणं बांधत फिरणाऱ्या कामगारांसाठी अशा खोल्या असतात. हिशेब रात्रीचा, खाटेमागे. तिथे त्यांच्या खोलीत दोन पोलिश फिटर होते. ‘‘मी राहिलेलं सगळ्यांत स्वच्छ बाथरूम तिथलं,’’ तात्पुरते सांगतात. ‘‘आणि सगळ्यांत स्वस्तही तेच. पण आपला एकही इंजिनियर तिकडे फिरकत नाही. नावात कामगार आहे ना!’’ हे शेवटचं वाक्य समोर कोथरूडचा माणूस असला की ते अंमळ मोठ्याने म्हणतात.

श्टुटगार्टला जागा मिळत नाही याला कारणं आहेत. शहर डोंगरांच्या खोलगटात बसलंय, पसरायला वाव नाही, आणि बॉश, मर्सिडीज, पोर्शे सगळे इथेच तळ ठोकून आहेत. माणसं येतच राहतात. मुंबईशी या शहराचं १९६८पासून भगिनी-शहर म्हणून नातं आहे, पण बहिणीकडे आलो म्हणून कोणी ओटीवर घेतलं असं ऐकिवात नाही. त्यातून इथला भाडेकायदा. तो भाडेकरूच्या बाजूचा आहे. बिनमुदतीचा करार एकदा झाला की मालकाला सबळ कारणाशिवाय तुम्हाला हलवता येत नाही. ऐकायला छान वाटतं. पण बाहेर काढणं अवघड म्हणून मालक आत घेतानाच हात आखडतो. तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणा, ‘शूफा’चा पतदाखला आणा, आधीच्या मालकाचं ‘यांच्याकडे काही थकलेलं नाही’ असं पत्र आणा. परवा विमानातून उतरलेल्या पोराकडे यातलं काय असणार? त्याच्याकडे चितळ्यांची भाकरवडी असते. कायदा करणारे भले लोक होते, पण माझ्या मते त्यांना फक्त घरात बसलेला माणूस दिसत होता. दाराबाहेर बॅग घेऊन उभा असलेला दिसला असता तर एखादं कलम त्याच्यासाठीही सुचलं असतं.

त्या बाहेरच्याला उरतो तो मुदतीचा बाजार. कोणी सहा महिने परदेशी सत्राला गेलं, त्याची खोली. कोणी दुसऱ्या गावी इंटर्नशिपला गेलं, तिची खोली. किंवा पलंग, टेबल, दोन काटे-चमचे ठेवून ‘सुसज्ज’ म्हणून लावलेली खोली. अशा खरोखरच थोड्या काळासाठी दिलेल्या जागांना भाड्यावरचा सरकारी लगामही लागू होत नाही. या बाजारात तात्पुरत्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. सप्टेंबरच्या शेवटाला कानश्टाटला बिअरची मोठी जत्रा भरते, लॉज महागतात, आणि नेमकी त्याच सुमारास विद्यापीठांच्या नव्या सत्राची पोरं येऊन थडकतात. तो यांचा सुगीचा हंगाम. फोन वाजत राहतो आणि तात्पुरते प्रत्येकाला आधी एक वाक्य ऐकवतात : ‘‘फेब्रुवारीत विचारायचं होतंस. परीक्षा संपल्या की खोल्याच खोल्या असतात.’’ मुलगा सप्टेंबरात स्टेशनवर उभा असतो. पण ज्ञान वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा.

भाडं किती, हे ते कधीच पहिल्यांदा विचारत नाहीत.

‘‘सर, खोली मिळाली! साडेतीनशे युरो. शहराच्या मधोमध!’’

‘‘आनमेल्डुंग?’’

‘‘ते नाही होणार म्हणाले. पण वायफाय आहे.’’

‘‘वायफायवर टॅक्स नंबर येतो का?’’

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, तो हा आनमेल्डुंग. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. २०१५पासून तो सक्तीचा झाला. पोटभाडेकरू असाल तर ज्याने ठेवलं त्याची सही चालते, पण त्याने मूळ मालकाची परवानगी घेतलेली असावी लागते. ती बहुधा नसते, म्हणून सही मिळत नाही. सही नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर कर-क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही दिला तर कंपनी शेवटी सहाव्या वर्गाने कर कापते. सहावा वर्ग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, पगाराची चिठ्ठी बघितली की कळतं. तात्पुरते ही साखळी इतक्यांदा सांगून बसलेत की मध्येच कोणी अडवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

नोंद झाली तरी प्रकरण संपत नाही. जर्मन इमारतीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. दारावर आडनाव, घंटीवर आडनाव, टपालपेटीवर आडनाव. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो, मग आत तो कर-क्रमांक असो की बँकेचं कार्ड. म्हणून तात्पुरत्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत लेबल छापायचं एक हातयंत्र कायम असतं. बटणं दाबून ते आडनाव छापतात, कात्रीने कोपरे गोल करतात (चौकोनी कोपरे लवकर सुटतात म्हणे), पेटी रुमालाने पुसतात आणि मूळ भाडेकरूच्या नावाखाली पट्टी अंगठ्याने दाबून बसवतात. फाइहिंगेनच्या एका पेटीवर तर मूळ जर्मन नाव राहिलं टोकाला आणि त्याखाली आपल्याकडच्या आडनावांचे थरावर थर. वरचं नखाने उकरलं की खालचं दिसतं. तात्पुरते ते उकरून कोण आता झिंडेलफिंगेनला आहे, कोण परत गेला आणि कोण लग्नानंतर फोन करत नाही ते सांगतात.

पिशवीत आणखी काय असतं? एक बल्ब, कारण रिकामं घर मिळालं तर छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. एक स्क्रू-ड्रायव्हर. रबरी हातमोजे, त्यांच्याकडे नंतर येऊ. आणि घर ताब्यात घेतानाच्या पंचनाम्याचे कोरे कागद. हा पंचनामा करताना तात्पुरत्यांना बघावं. गुडघ्यावर बसून, मोबाइलचा टॉर्च फरशीला आडवा धरून ते लाकडी तक्त्यांवरचे चरे शोधतात. ‘‘खिडकीपासून दुसरी फळी, चार सेंटिमीटर, जुना,’’ असं पुटपुटत लिहून घेतात आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढतात. नवा मुलगा ओशाळून मालकाकडे बघत असतो. मालक मात्र खूष. जर्मन माणसाला आपल्या घराकडे इतक्या बारकाईने बघणारा माणूस क्वचित भेटतो.

डिपॉझिटचं कलम त्यांना तोंडपाठ आहे : ५५१. थंड भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, आणि भाडेकरू ते तीन हप्त्यांत भरू शकतो. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. त्यात पाणी, हीटर, कचरा, जिन्यातला दिवा हे सगळं मिळवलं की होतं गरम भाडं. नवी पोरं जाहिरातीतला थंड आकडा बघून आईला फोन करतात आणि गरम आकडा बघून तात्पुरत्यांना. आणखी एक धक्का राखून ठेवलेला असतो. इथे घर सोडताना पुष्कळजण ओटा, सिंक, कपाटांसकट स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातात. न्यायचं नसलं तर येणाऱ्याने ते पैसे मोजून विकत घ्यायचं. ‘‘म्हणजे सर, घर भाड्याने आणि ओटा विकत?’’ या प्रश्नाला तात्पुरत्यांचं उत्तर ठरलेलं : ‘‘पगडी समज आणि घासाघीस कर.’’

फसवणुकीचा वास त्यांना फोटोवरून येतो. एकदा माझ्यासमोर एका मुलीने मोबाइल पुढे केला. शंभर चौरस मीटरचा फ्लॅट, लाकडी जमीन, बाल्कनी, भाडं एका खोलीपेक्षा कमी. तात्पुरत्यांनी बाल्कनी बघितली नाही, सोफा बघितला नाही. दोन बोटांनी फोटो मोठा करत करत ते भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात गेले.

‘‘हा प्लग बघ. तीन चौकोनी भोकं. जर्मनीत असा प्लग असतो?’’

मुलगी गप्प.

‘‘मालक कुठे आहे?’’

‘‘लंडनला. नोकरीसाठी गेलेत. डिपॉझिट भरलं की कुरियरने चावी पाठवणार आहेत.’’

‘‘मी आलो तेव्हाही हा लंडनलाच होता.’’

त्यांची खरी कला दिसते ती मुलाखतीच्या तालमीत. इथे चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, म्हणजे ‘वेगे’त, एक खोली रिकामी झाली की आतले लोक स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून उमेदवार पारखतात. तात्पुरते स्वतः मधल्या खुर्चीत बसतात, आम्हा दोघा-तिघांना आजूबाजूला बसवतात आणि मुलाला दाराबाहेरून यायला लावतात. ‘‘बूट काढलेस? शाबास. आता सांग, दिवसभर काय करतोस?’’

‘‘मी दिवसभर खोलीतच अभ्यास करतो. कोणाला काही त्रास नाही.’’

‘‘संपलं. बाहेर जा, परत ये.’’

दिवसभर घरी बसून अभ्यास करणाऱ्याला आपल्याकडे स्थळं सांगून येतात, इथे खोली जाते. त्यांना माणूस हवा असतो तो बराचसा बाहेर असणारा, पण घरी आला की गप्पा मारणारा, पण आपल्या गप्पांनी कोणाला न छळणारा. भांडी लगेच घासणारा तर हवाच. काही घरमालकिणी जाहिरातीत स्वच्छ लिहितात, दर शनिवार-रविवार आपल्या गावी जाणाराच हवा. एका मुलाने तीही जाहिरात उत्साहाने दाखवली. तात्पुरत्यांनी विचारलं, ‘‘तुझं गाव कुठलं?’’ तो म्हणाला, बार्शी.

स्वयंपाकाचा प्रश्न हमखास येतो आणि तिथे आपली पोरं गडबडतात. फोडणी लपवायची की सांगायची? तात्पुरत्यांचं मत : सांगायची, पण क्रम पाळायचा. झोपायच्या खोलीत धूर-सूचक यंत्र कायद्यानेच असतं, आणि एका खोलीच्या घरात झोपायची खोली, स्वयंपाकघर सगळं एकच. मोहरी तडतडली आणि हिंग पडला की ते यंत्र सगळ्या इमारतीला उठवतं. ‘‘आधी खिडकी, मग मोहरी’’ हे वाक्य त्यांनी कैक मुलांकडून घोकून घेतलंय. याचा एक फायदा मात्र त्यांच्याही ध्यानीमनी नव्हता. इथे घराला बुरशी लागू नये म्हणून दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची, अगदी जानेवारीतही, हा घरमालकांच्या जिव्हाळ्याचा विषय; मालकिणी त्यावर तक्ते चिकटवून ठेवतात. तात्पुरते सकाळी पोह्यांना आणि संध्याकाळी आमटीला, दोन्ही वेळा बर्फात खिडकी उघडतात. त्यामुळे शहरातल्या निम्म्या मालकिणींचं मत आहे की हवा कशी खेळवावी ते या भारतीय गृहस्थाकडून शिकावं.

या सगळ्याचे ते पैसे घेत नाहीत. एक सेंट नाही. कोणी चॉकलेटचा डबा आणला तर तोही तिथेच फोडून वाटतात. ते फक्त एकच विचारतात : ‘‘भारतात कधी जाणार?’’ ऐकणाऱ्याला वाटतं, काय आपुलकी आहे! तात्पुरते मात्र मोबाइलमध्ये नोंद करत असतात. त्यांचं वर्ष लोकांच्या रजांवर उभं असतं. जुलैच्या अखेरीला शाळांना सुट्टी लागली की मुलाबाळांची कुटुंबं सहा आठवडे भारतात, तेव्हा ते एसलिंगेनला. कोणाच्या भावाचं लग्न नोव्हेंबरात, तेव्हा ब्यॉब्लिंगेनला. कोणाची बायको बाळंतपणाला माहेरी जाणार आणि मागोमाग नवराही, हे त्या नवऱ्याच्या आधी त्यांना ठाऊक असतं. वागायला चोख आहेत. भाडं गरम देतात, तुळशीला पाणी घालतात, रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचे महिन्याचे १८.३६ युरो दिवसांच्या हिशेबाने कापून टेबलावर ठेवतात. लोक परत येतात तेव्हा घर जाताना होतं त्यापेक्षा स्वच्छ असतं आणि मसाल्याचे डबे उंचीनुसार लागलेले असतात.

सांगलीहून आई दर रविवारी फोन करते. लग्नाचं काय, या प्रश्नावर ते म्हणतात, जागा नसलेल्याला कोण मुलगी देणार? मग जागा घे की, यावर म्हणतात, एकट्याला कशाला हवी? आईनेही आता या दोन्ही वाक्यांच्या मध्ये श्वास घेणं सोडून दिलंय.

आणि अशा माणसावर एकदा पक्की जागा चालून आली. डेगरलोखला, टेकडीवर, एका आजीबाईंकडे. तिथे ते असेच कोणाच्या तरी बदली चार महिने राहत होते. रबरी हातमोज्यांनी घात केला. इथल्या श्वाबेन मुलखात जिना, तळघर, दारापुढचा रस्ता झाडायची पाळी घरोघर आठवड्याने फिरते. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते, आणि शनिवारी त्याने झाडलं की नाही हे सारी इमारत पडद्याआडून बघते. तात्पुरत्यांना पाटी नसतानाही राहवेना. शेजारची नर्स रात्रपाळीहून आलेली असायची, तिचा जिना त्यांनी पुसला. रस्त्यावरची पानं गोळा केली. कठड्याच्या नक्षीत बोळा घालून धूळ काढली. आजीबाईंनी तीन शनिवार बघितलं आणि चौथ्या शनिवारी केक कापून समोर करार ठेवला. वरचा मजला, दोन खोल्या, बिनमुदत. स्वयंपाकघरासकट. डिपॉझिट नको.

श्टुटगार्टात असं देऊ करणारी मालकीण पुन्हा होणे नाही. तात्पुरते त्या रात्री माझ्याकडे आले ते पांढरेफटक पडून.

‘‘बिनमुदत म्हणतात.’’

‘‘मग चांगलंय की.’’

‘‘अहो, मुदत नाही म्हणजे काय? आणि सोडायचं झालं तर तीन महिने आधी लिहून द्यायचं! आज कुठला माणूस सांगू शकतो तीन महिन्यांनी कुठे असेल ते?’’ पंधरा वर्षं एकाच कंपनीत, एकाच टेबलावर बसणारा माणूस हे बोलत होता. मग त्यांनी घरात खोट काढायला घेतली. जिना उंच आहे. ट्राम लांब आहे. खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन डोळ्यांवर येतं. शेवटी म्हणाले, नवं स्टेशन एकदा होऊ दे.

आठवडा गेला नाही तोच त्यांनी त्या आजीबाईंपुढे एक नवं जोडपं उभं केलं. मुलगा नाशिकचा, मुलगी साताऱ्याची, लग्नाला चार महिने झालेले, आणि राहत होते एका सहकाऱ्याच्या बैठकीतल्या सोफ्यावर. तात्पुरत्यांनी दोघांची तालीम घेतली, मुलाच्या हातात झाडू दिला, आजीबाईंना आपल्या नावावर हमी दिली. करार झाला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

गृहप्रवेशाच्या जेवणाला आम्ही सगळे होतो. तात्पुरते लवकर आले होते. पेटीवर आणि घंटीवर त्या दोघांचं नाव लावून, कोपरे गोल करून, धूर-सूचकाची बॅटरी तपासून, मग पानावर बसले. श्रीखंड वाढताना मुलगी म्हणाली, ‘‘तुमच्यामुळे घर झालं. काय देऊ तुम्हाला?’’

‘‘मला काय द्यायचंय!’’ तात्पुरते म्हणाले. ‘‘तुमचा आनंद तो आमचा. बरं, लग्नानंतरची पहिली संक्रांत ना यंदा?’’

‘‘हो.’’

‘‘काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं साताऱ्याला आईने करायला हवं. इथे काय मजा? डिसेंबरच्या मध्यावर निघा, संक्रांत करून या. नाताळात इथे तसंही ऑफिस बंद असतं.’’

‘‘पण रजा...’’ नवरा म्हणाला.

‘‘उरलेले दिवस तिथून काम कर. मॅनेजरला विचारून ठेव.’’ तात्पुरत्यांनी पुरीचा तुकडा मोडला. ‘‘तिकिटं आजच काढलीत तर स्वस्त पडतील. आणि पोटभाडेकरू ठेवायला आजीबाईंची परवानगी लागते, त्याचं पत्र मी लिहून आणलंय. खाली फक्त दोघांच्या सह्या हव्यात.’’